काकांचा हात थरथरला तेव्हा: पोकरमधल्या एका चुकलेल्या कॉलचा प्रकरण अभ्यास

पोकरचा हा डाव गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो बोटीवर झाला. मित्राच्या डावीकडे दुसऱ्या खुर्चीवर मी बसलो होतो आणि पानं टाकून मोकळा झालो होतो, त्यामुळे सगळं समोरून पाहता आलं. परतीच्या लाँचमध्येच मी मोबाइलवर टिपण केलं. डावातले आकडे त्या टिपणातले आहेत. माणसांच्या ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पार्श्वभूमी

मित्र पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. पाच वर्षं तो ऑनलाइन पोकर खेळला, तेही मन लावून. रोज रात्री दोन तास खेळायचं आणि रविवारी सकाळी आठवड्यातले अवघड डाव उघडून हिशेब तपासायचा, हा त्याचा नेम होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याचा खेळ एका दिवसात थांबला. महाराष्ट्रात कुणाच्या घरी पैसे लावून बसणं त्याला मान्य नव्हतं. उरला गोवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही चौघं गाडी काढून जातो, ठरलेली रक्कम खिशात ठेवतो, ती संपली की उठतो.

ऑनलाइन खेळताना समोरच्याचं तोंड दिसत नाही, पण त्याची सगळी कुंडली दिसते: शंभरातल्या किती डावांत पैसे घालतो, किती वेळा रेझ करतो म्हणजे रक्कम वाढवतो, रिव्हरवर म्हणजे शेवटच्या पानावर किती वेळा बेट मारतो. मित्राचा सगळा खेळ या आकड्यांवर उभा होता. बोटीवरच्या टेबलावर ते आकडे नाहीत. तिथे माणसं आहेत. कुणी चिप्स खुळखुळवतं, कुणाचा पाय टेबलाखाली हलतो. पाच वर्षं पडद्याआड खेळलेल्या माणसाला हे सगळं एकदम दिसायला लागलं की त्याची भूल पडते. मित्राला ती पडली होती. गोव्याला जाताना आंबोली घाटात तो गाडीत याच विषयावर बोलत होता: नजर, श्वास, हात.

आधी शब्दांबद्दल

आपल्याकडे दिवाळीत तीनपत्ती खेळलेले लोक पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसले की शब्दांत अडकतात. तीनपत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड ही पानं वाटण्याआधीच दोघांनी भरायची सक्तीची रक्कम. तीनपत्तीत आपण पॅक होतो, इथे फोल्ड करतो. समोरच्याने लावली तेवढीच रक्कम भरणं म्हणजे कॉल, काहीच न लावता पाळी पुढे देणं म्हणजे चेक, हातात काही नसताना बेट मारणं म्हणजे ब्लफ, आणि मधे जमलेले सगळे पैसे म्हणजे पॉट. रेझ न करता नुसती बिग ब्लाइंडएवढी रक्कम टाकून डावात शिरणं म्हणजे लिंप. प्रत्येकाच्या हातात स्वतःची दोन पानं, मधली पाच पानं सगळ्यांची सामायिक: पहिली तीन फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर.

या प्रकरणात खरं काम आहे ते तीन शब्दांचं. टेल म्हणजे खेळाडूच्या नकळत त्याच्या शरीरातून फुटणारी खूण. बेसलाइन म्हणजे तो माणूस एरवी, काहीच पणाला लागलेलं नसताना, कसा वागतो ते. आणि रेंज म्हणजे आतापर्यंतच्या त्याच्या खेळावरून त्याच्याकडे असू शकतील अशा सगळ्या पानांचा संच. बेसलाइन नसेल तर टेलला अर्थ नाही, आणि रेंज मांडली नसेल तर टेल कशाला लावायची तेच कळत नाही. मित्राला हे तिन्ही शब्द माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. म्हणूनच हा डाव लिहून ठेवावासा वाटला.

टेबल आणि काका

ब्लाइंड १०० आणि २०० रुपये. मित्र ४०,००० घेऊन बसला होता, रात्री अकरापर्यंत त्याचे ५२,००० झाले होते. त्याच्या समोर तिरकस बसलेले काका साठीच्या पुढचे, सांगलीकडचे. त्यांच्यापुढे ३८,०००. चिप्सचे पाच-पाचचे छोटे मनोरे नीट लावून ठेवलेले, शेजारी चहाचा कप, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पानं आली की ते चष्म्याशिवायच, कोपरा डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि बहुतेक वेळा टाकून द्यायचे. खेळायचं ठरलं तरच चष्मा डोळ्यांवर चढायचा.

चार तासांत काकांनी शेवटी पानं उघडली असे पाच डाव माझ्या टिपणात आहेत. पाचही वेळा त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी स्वतःहून मोठी बेट मारली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा समोरच्याने पानं टाकली. ब्लफ एकही पकडला गेला नव्हता. कमी डावांत शिरणाऱ्या, मोठं पान असल्याशिवाय पैसे न हलवणाऱ्या अशा खेळाडूला टेबलावर निट म्हणतात.

साडेनऊच्या सुमारास आणखी एक डाव झाला होता. दिल्लीहून आलेल्या एका तरुणाने रिव्हरवर मोठी बेट मारली, त्याची बोटं थरथरत होती, मित्राने कॉल केला आणि तरुणाकडे काहीच निघालं नाही. टेबलावर कौतुक झालं. मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, “हात बघितलास?” तो डाव त्याच्या डोक्यात राहिला.

प्रसंग

काका मधल्या जागेवरून २०० टाकून लिंप झाले. मित्र बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलायच्या जागेवर. त्याच्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. त्याने १,००० रेझ केलं. स्मॉल ब्लाइंडने टाकलं, बिग ब्लाइंडवर मी होतो, मीही टाकलं. काकांनी कॉल केला. पॉट २,३००.

फ्लॉप आला: बदामची राणी, बदामची अठ्ठी, किलवरची पंजी. काकांनी चेक केलं, मित्राने १,५०० मारले, काकांनी कॉल. पॉट ५,३००.

टर्नला इस्पिकची तिर्री. काका चेक, मित्र ३,५००, काका परत कॉल. पॉट १२,३००.

रिव्हरला चौकटची तिर्री. बदामचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, करायला बसलेल्याचं पान आलंच नाही. मित्राकडे आता राण्यांची जोडी, पटावरच्या तिर्रींची जोडी आणि वर एक्का.

इथे काकांनी चेक केलं नाही. त्यांनी पानाकडे पाहिलं, लगेच स्वतःच्या चिप्सकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी मनोरे उचलून पुढे सरकवले: १२,०००. सरकवताना उजवा हात स्पष्ट थरथरला. वरची एक चिप घसरून फेल्टवर पडली, घरंगळत डीलरपर्यंत गेली. डीलरने ती उचलून ढिगात ठेवली. काका मागे टेकले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

अडचण

आतापर्यंत मागे मागे चालणारा माणूस रिव्हरवर स्वतःहून पुढे आला होता. आधीच्या फेरीत पुढाकार दुसऱ्याकडे असताना असं अचानक आपण बेट मारण्याला डॉन्क बेट म्हणतात. मित्राला १२,००० भरून २४,३०० जिंकायचे होते. कॉल केल्यावर एकूण पॉट ३६,३००, म्हणजे तीनपैकी एकदा तरी तो जिंकत असेल तर कॉल फायद्याचा. पॉट ऑड्सचा हा हिशेब त्याला झोपेतही येतो.

प्रश्न एवढाच होता की काकांच्या या बेटमध्ये तीनपैकी एक ब्लफ आहे का.

समोरचे पर्याय

रेझचा विचार सोडून देण्यासारखाच होता. काकांचे उरलेले सगळे पैसे मागितले तर फक्त मित्राला हरवणारी पानंच कॉल करणार. खरे पर्याय दोन, फोल्ड आणि कॉल. समोरचा ब्लफ मारतोय या अंदाजावर बेताच्या पानांनी केलेल्या कॉलला खेळाडू हीरो कॉल म्हणतात. नावातच मोह आहे.

कॉलच्या बाजूने एक चांगला मुद्दा होता. मित्राच्या हातात बदामचं एकही पान नव्हतं. म्हणजे हुकलेला फ्लश ड्रॉ, एक पान कमी पडलेला फ्लश, काकांकडे असायला पूर्ण वाव होता. हा मुद्दा मी आजही खोडून काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कागदावर रेंज मांडली. चेक-कॉल, चेक-कॉल आणि मग पॉटएवढी बेट, असं करून मित्राला हरवणारी काकांची पानं: पंजीची जोडी तीन प्रकारे, अठ्ठीची जोडी तीन प्रकारे, तिर्रीची जोडी एका प्रकारे, एका रंगातली राणी-अठ्ठी दोन प्रकारे, बदामचा एक्का-तिर्री एका प्रकारे. एकूण दहा. हुकलेली बदामची पानं, एक्का-गुलामपासून सत्ती-छक्कीपर्यंत, काका खेळले असते अशी, तीही दहाच निघाली. राजा-राणी किंवा राणी-गुलाम असते तर काकांसारख्याने चेक करून शांतपणे शोडाउन, म्हणजे शेवटी पानं उघडणं, बघितला असता.

म्हणजे कॉल बरोबरीत सुटायला त्या दहा बदामी हातांपैकी पाच वेळा काकांनी पॉटएवढा ब्लफ मारायला हवा. चार तासांत ज्यांचा एकही ब्लफ दिसला नाही त्यांनी. आम्ही उदार होऊन दहापैकी दोन धरले. मग कॉलची सरासरी किंमत जवळपास ६,००० रुपयांचं नुकसान येते.

पण शरीराची खूण हिशेबात घ्यायचीच नाही असं नाही. ती कशी घ्यायची हाच मुद्दा आहे. दोनास दहा हे प्रमाण पाचास दहा करायचं तर हाताचं थरथरणं खऱ्या पानांपेक्षा ब्लफमध्ये अडीचपट जास्त वेळा दिसायला हवं. काकांच्या बाबतीत तसं मानायला कसलाही आधार नव्हता. उलटाच होता.

केलेली कृती

मित्राने साधारण दीड मिनिट घेतला. मी गप्प होतो. चालू डावात तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, एका डावाला एकच डोकं, हा टेबलाचा नियम आहे आणि तो योग्य आहे. तो पटाकडे फारसा बघत नव्हता. तो काकांच्या हातांकडे बघत होता.

मग त्याने विचारलं, “काका, बदाम हुकलं वाटतं?”

काका खिडकीतून नजर न हटवता म्हणाले, “बघा की. तुमचं तुम्ही ठरवा.”

आवाज मोकळा, घरच्या ओट्यावर बसून बोलावं तसा. मित्राने १२,००० पुढे केले. काकांनी पानं उलटली: पंजीची जोडी. फ्लॉपलाच तीन पंज्या झाल्या होत्या, रिव्हरच्या तिर्रीने फुल हाउस, म्हणजे तीन एकसारखी आणि वर एक जोडी, झालं होतं.

निकाल

या एका डावात १८,००० गेले. पण नुकसान तिथे थांबलं नाही. पुढच्या चाळीस मिनिटांत मित्राने आणखी ९,००० घालवले, एरवी ज्या पानांकडे तो वळून बघणार नाही अशा पानांवर. याला टिल्ट म्हणतात, आणि तो आरडाओरडा करणाऱ्यांनाच होतो असं नाही. मित्र अगदी शांत बसून टिल्ट झाला होता. शेवटी मी खांद्यावर हात ठेवला. तो २५,००० घेऊन उठला, म्हणजे घरून आणलेल्या पैशांत १५,००० कमी.

निर्णयाचे क्षण

टर्नवरची ३,५००ची बेट बरोबर होती, असं आमचं दोघांचंही मत आहे. तिथे बदामच्या ड्रॉला उरलेल्या ४६ पानांपैकी नऊ पानं उपयोगी, म्हणजे वीस टक्क्यांच्या आत. आणि कॉल परवडायला साडेअठ्ठावीस टक्के लागत होते. ड्रॉकडून आणि कमी ताकदीच्या राण्यांकडून पैसे घ्यायची ती जागा होती. निकाल वाईट आला म्हणून आधीच्या प्रत्येक चालीत खोट काढत बसायचं नाही.

चूक रिव्हरवर झाली, आणि तीही कॉलच्या क्षणाआधी. हात थरथरला तेव्हा मित्राने प्रश्न विचारला: “माणूस घाबरला की हात थरथरतो ना?” विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा: “हे काका कधी थरथरतात?” दिल्लीच्या तरुणाची बेसलाइन त्याने काकांना लावली.

माईक कॅरो हे अमेरिकी खेळाडू टेल्सच्या अभ्यासासाठी १९८०च्या दशकापासून ओळखले जातात. नवख्या खेळाडूचा हात बेट मारताना अचानक थरथरला तर ते बहुधा मोठ्या पानाचं लक्षण, असं त्यांचं सांगणं. मोठं पान लागलं की आतला ताण एकदम सुटतो आणि तो हातातून बाहेर पडतो. ब्लफ मारणारा बहुतेक वेळा उलट आवळून बसतो: श्वास धरलेला, शरीर स्थिर. नवं पान आल्यावर लगेच स्वतःच्या चिप्सकडे जाणारी नजर आणि बेट मारल्यावर दुसरीकडे बघणं, याही त्यांच्या मते ताकदीच्याच खुणा. काकांनी तिन्ही दाखवल्या. मित्राने एकच पाहिली आणि तीही उलटी वाचली.

लाँचमध्ये मित्राने आपली बाजू मांडली, आणि ती पोकळ नव्हती. २०१३ मध्ये मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. २००९च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या चित्रफितींचे तुकडे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले. ज्यांना फक्त चेहरे दिसले त्यांचे अंदाज योगायोगाने लागावेत त्याहूनही वाईट आले. ज्यांना फक्त चिप्स सरकवणारे हात दिसले त्यांचे अंदाज बरे आले, आणि सफाईने हलणारे हात चांगल्या पानांकडे बोट दाखवत होते. “मग अडखळणारा हात म्हणजे वाईट पान, असं का नाही?” हा त्याचा प्रश्न. मला तो रास्त वाटला. पण चित्रफितीतले खेळाडू व्यावसायिक होते, हजारो वेळा तीच हालचाल केलेले. काका वर्षातून दोनदा गोव्याला येणारे. आयुष्यात मोजक्या वेळा १२,००० एका दमात पुढे सरकवणाऱ्या माणसाचा हात आणि पोकरवर घर चालवणाऱ्याचा हात एकाच मापाने मोजता येत नाही.

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. हाच डाव मित्राने ऑनलाइन खेळला असता तर दोन सेकंदांत फोल्ड केला असता. कमी डावांत शिरणारा, ब्लफ न मारणारा खेळाडू रिव्हरवर पॉटएवढी बेट मारतो आहे, या आकड्यांपुढे त्याला विचारही करावा लागला नसता. टेबलावर माहिती वाढली, चष्मा, चहा, हात, नजर सगळं समोर आलं, आणि त्या गर्दीत आधीपासून हाताशी असलेली माहिती बाजूला पडली.

वेगळं काय करता आलं असतं

बेट समोर पडली की आधी खाली बघायचं, पटाकडे. सुरुवातीपासूनच्या चाली मनात उजळायच्या, हरवणारी पानं किती आणि ब्लफ किती याचा ढोबळ अंदाज घ्यायचा, कॉल की फोल्ड ते ठरवायचं. त्यानंतर मान वर करून माणसाकडे बघायचं. निर्णय काठावर असेल तर खुणेने तो इकडचा तिकडे होऊ द्यावा. एवढं स्पष्ट फोल्ड असताना एका थरथरीने तो उलटू देऊ नये.

बेसलाइन गोळा करायचं काम मोठ्या डावात होत नाही. ते आपण पानं टाकलेली असताना होतं. काका टर्नला कॉल केल्यावर चहाचा घोट घेत होते तेव्हा कप स्थिर होता, हे मला नंतर आठवलं. मात्र या आठवणीवर मी फार भार टाकत नाही, कारण निकाल कळल्यावर मन आपल्याला हवं ते आठवून देतं. चष्म्याचं तसं नाही. चष्मा चढला की काका खेळणार, हे मी दहा वाजताच टिपलं होतं, आणि त्या डावात चष्मा पानं बघून झाल्यापासून डोळ्यांवर होता.

प्रश्न विचारण्यातही गफलत झाली. “बदाम हुकलं वाटतं?” या वाक्याने मित्राने आपल्या मनातलं उत्तर आधीच सांगून टाकलं, मग समोरून काहीही आलं तरी तो ते त्याच उत्तरात बसवणार होता. काकांचा मोकळा आवाज ही चौथी खूण होती. ब्लफमध्ये अडकलेला माणूस सहसा इतकं सैल बोलत नाही.

आणि मोठा डाव हरल्यावर उठायचं. दहा मिनिटं डेकवर जायचं, मांडवीचा वारा घ्यायचा, परत बसायचं की नाही ते तिथे ठरवायचं. शेवटचे ९,००० गेले ते खुणा वाचण्यात चूक झाली म्हणून गेले नाहीत, खुर्ची सोडली नाही म्हणून गेले.

नंतर

त्या रात्री परतताना काका आमच्याच लाँचमध्ये होते. मित्र त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि सरळ विचारलं, “काका, तुमचा हात का थरथरत होता?” काकांनी उजवा हात समोर धरून पाहिला. “चांगलं पान आलं की होतं असं,” ते म्हणाले. “घरी रमीतसुद्धा. बायकोला शोच्या आधी कळतं.”

मित्राने डायरीत नवे रकाने आखले: चाली, रेंज, ठरवलेला निर्णय, मग दिसलेली खूण, खुणेने निर्णय बदलला का, आणि शेवटी निकाल. मार्चमध्ये आम्ही परत गेलो. रिव्हरला एका मध्यमवयीन बाईंनी पॉटएवढी बेट मारली, बोटं हलत होती. मित्राने पटाकडे बघितलं, बराच वेळ, मग त्यांच्याकडे, आणि पानं टाकली. बाईंनी आपली पानं न दाखवताच डीलरकडे सरकवली. त्या डावापुढे डायरीत निकालाचा रकाना कोरा आहे.